लाकडाच्या वायूवर इंजिन चालते, पण दुसऱ्या दिवशी व्हॉल्व्ह चिकटतो : दोष कोठे असावा?

बोरीकाठचा (ता. पारोळा)

सर्वांना नमस्कार. गेले आठ महिने मी घरच्या घरी लाकडाचा वायू तयार करणारी भट्टी, म्हणजे गॅसिफायर, बनविण्याच्या खटपटीत आहे आणि आता अशा जागी अडकलो आहे की जाणकारांना विचारल्यावाचून गत्यंतर नाही. आमचे शेत बोरी नदीच्या काठी आहे. विहिरीला पाणी बरे असते, परंतु शेतीच्या फीडरवर एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री वीज, त्यातही मध्येच जाणारी. शिवारात बिबट्या दिसल्यापासून रात्री पाणी भरायला मजूर तर सोडाच, मी स्वतःही जायला कचरतो. दुसरीकडे बांधावर वेडी बाभूळ एवढी माजली आहे की ती तोडण्यासाठी दरवर्षी पदरचे पैसे मोजावे लागतात, आणि कपाशी निघाल्यावर पऱ्हाट्यांचे ढीग तर सगळ्यांच्याच शेतात असतात. जे असेच पेटवून दिले जाते, त्यावर पाणी उपसता आले तर पाहावे, एवढाच हेतू.

भट्टीची रचना अशी आहे. बाहेर २०० लिटरचे पिंप आहे आणि आत बोअरच्या जुन्या केसिंग पाइपची सात इंची नळी उभी बसविली आहे. तिच्या खालच्या भागात हवा आत घेण्यासाठी अर्ध्या इंची पाइपाचे पाच झोत चहूबाजूंनी दिले असून त्यांच्या खाली १२ सेंटीमीटर व्यासाचा गळा, म्हणजे आगीचा अरुंद भाग, आहे. गळ्याखाली निखारे आणि राख धरण्यासाठी जाळी टांगली आहे. वायू पिंपातून दोन इंची पाइपाने निघून पंधरा किलोच्या तेलाच्या डब्यात येतो, ज्यात मी नारळाचा काथ्या आणि लाकडाचा भुसा ठासून भरला आहे, आणि तेथून टी-जोड व दोन कॉकांमार्गे इंजिनाच्या तोंडाशी जातो. सुरुवातीला ओढ देण्यासाठी लोहाराच्या भात्याचा पंखा लावतो. इंजिन भंगारातून आणलेले, सुमारे २०० घनसेंटीमीटरचे, एका सिलिंडरचे पेट्रोल इंजिन आहे. मिनिटाला ३००० फेऱ्यांवर चालते.

पेटविल्यावर दहा मिनिटांत वायू आला आणि नळीच्या तोंडाशी हातभर लांबीची पिवळी-केशरी ज्योत उभी राहिली. गल्लीतील सगळे गोळा झाले; आमच्या काकू तर म्हणाल्या, “भाऊ, हाई चूल शे का इंजिन शे?” इंजिन लागले, वीस-पंचवीस मिनिटे चालले आणि मग हळूहळू दम टाकून बंद पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी दोरी ओढली तर काही तरी आत अडल्यासारखे झाले आणि टक् असा आवाज आला. उघडून पाहिले तेव्हा पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, वाकला होता आणि इनटेक व्हॉल्व्हची दांडी तपकिरी-काळ्या, गुळाच्या पाकासारख्या पदार्थाने गाईडमध्ये पक्की चिकटली होती. मेकॅनिकने थिनरने ती सोडविली, नवा पुशरॉड टाकला आणि पुन्हा पेट्रोलवरच चालवा असा सल्ला दिला. मी पुन्हा वायूवर चालविले आणि पुन्हा तेच झाले.

माझा प्रश्न असा की, फिल्टरचे डबे एकाऐवजी तीन करावेत का? की वायू पाण्यातून काढावा? आणि हे जमल्यास विहिरीवरील पाच हॉर्सपॉवरचे डिझेल इंजिन याच भट्टीवर चालेल का? लाकूड म्हणून सध्या जून-जुलैमध्ये तोडलेल्या बाभळीचे मूठभर आकाराचे तुकडे वापरतो.

जुना फिटर (भुसावळ)

दादा, तुम्ही ज्योतीचा रंग लिहिला हे फार चांगले केले, कारण सगळे निदान त्याच एका वाक्यात आहे. चांगल्या वायूची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही. संध्याकाळी फिकट निळी-जांभळी दिसते. हातभर पिवळी-केशरी ज्योत म्हणजे वायूत डांबराची वाफ भरपूर आहे. बाहेर ती झकास जळते, म्हणून माणूस फसतो. तीच वाफ इंजिनाच्या तोंडाशी येऊन थंड झाली की डांबर होऊन व्हॉल्व्हच्या दांडीवर बसते. इंजिन गरम असेपर्यंत पातळ राहते आणि रात्रभरात गोंदासारखे घट्ट होते. म्हणून तुमचा पुशरॉड चालताना वाकला नाही, सकाळी दोरी ओढताना वाकला.

आता फिल्टर वाढविण्याविषयी. तीन काय, दहा डबे लावले तरी काही दिवसांनी तुम्ही येथेच परत याल. डांबर आगीत तयार होते आणि ते आगीतच मोडले पाहिजे. फिल्टरचे काम उरलेसुरले आणि राखेची धूळ धरणे एवढेच. लाकूड तापले की त्यातून धूर, पाण्याची वाफ आणि डांबर निघते. तुमच्यासारख्या, वायू वरून खाली ओढला जाणाऱ्या भट्टीत हे सगळे झोतांसमोरच्या पांढऱ्याफटक आगीतून, म्हणजे हजार अंशांहून अधिक उष्णतेतून, आणि त्यानंतर गळ्याखालच्या लालभडक कोळशाच्या थरातून जावे लागते. तेथे डांबराचे रेणू तुटतात. कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तापलेल्या कोळशाशी भिडून त्यांचे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन होतात. इंजिन चालते ते या दोघांवर. पण आग पुरेशी गरम नसेल किंवा गळा इतका रुंद असेल की वायू कडेकडेने, कमी गरम भागातून, निसटून जाईल, तर डांबर जसेच्या तसे पुढे जाते. तुमच्या भट्टीत नेमके हेच होत आहे, आणि ते लाकडामुळे कमी व मापामुळे जास्त.

हिशेब करून पाहा. २०० घनसेंटीमीटरचे फोर-स्ट्रोक, म्हणजे दर दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेणारे, इंजिन ३००० फेऱ्यांवर मिनिटाला १५०० वेळा श्वास घेते, म्हणजे ३०० लिटर; प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाही, म्हणून २४० धरा. तासाला हे साधारण साडेचौदा घनमीटर मिश्रण झाले आणि त्यात वायू निम्म्याहून किंचित कमी, म्हणजे तासाला सुमारे ७ घनमीटर. या जातीच्या भट्टीत गळ्याच्या दर चौरस सेंटीमीटरमधून तासाला ०.३ ते ०.९ घनमीटर वायू ओढला जावा, असा जुना अनुभवसिद्ध दंडक आहे. तुमच्या १२ सेंटीमीटरच्या गळ्याचे क्षेत्रफळ ११३ चौरस सेंटीमीटर होते; ७ भागिले ११३ केले तर उत्तर ०.०६ येते. म्हणजे ट्रकच्या भट्टीवर तुम्ही फवारणी पंपाएवढे इंजिन लावून बसला आहात. बिचारे इंजिन एवढी आग फुलवू शकत नाही आणि आग धुमसत राहते. गळा ५ सेंटीमीटरचा केलात तर हाच आकडा ०.३६ होईल.

झोतांचेही तेच. एक किलो लाकडाला साधारण दीड घनमीटर हवा लागते आणि तुमचे इंजिन तासाला तीन किलोच्या आसपास लाकूड खाईल. एवढी हवा पाच अर्ध्या इंची तोंडांतून आत आली तर ती सेकंदाला जेमतेम दोन मीटर वेगाने येते, म्हणजे फुंकरसुद्धा नव्हे. वेग वीस-पंचवीस मीटर हवा, तेव्हा आग मध्यापर्यंत पोहोचते. पाच झोत ठेवा, विषम संख्या चांगली कारण समोरासमोरचे झोत एकमेकांना छेद देत नाहीत. पण प्रत्येकाचे भोक ४ मिलिमीटरचे करा. झोतांच्या पातळीपासून गळा आठ-दहा सेंटीमीटर खाली असू द्या आणि गळ्याखाली कोळशाचा थर निदान २० सेंटीमीटरचा राहील अशी जाळी टांगा. वरची सात इंची नळी मात्र बदलू नका; ती अरुंद केलीत तर लाकडाचे तुकडे एकमेकांत अडकून कमान धरतील आणि खाली पोकळी होईल.

मी वाफेच्या इंजिनांच्या शेवटच्या काळात रेल्वेच्या शेडमध्ये लागलो, तेव्हा आगवाला नवशिका असला की तो फावड्यावर फावडे कोळसा टाकी आणि धूर काळा येई; मुरलेला माणूस थोडा टाकी आणि आग पांढरी ठेवी. तुमच्या भट्टीला दुसऱ्या जातीचा आगवाला हवा आहे.

डिझेल इंजिनाविषयी वेगळे लिहितो, आधी हे करा.

बोरीकाठचा (ता. पारोळा)

बापू, इतके सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. दोष लाकडात असेल असे वाटून मी दोन महिने फक्त लाकूड बदलत बसलो होतो. पण मग मूठभर तुकडे ५ सेंटीमीटरच्या गळ्यातून उतरणार कसे? आणि डिझेलविषयी अवश्य लिहा.

जुना फिटर (भुसावळ)

तुकडे तसे उतरणार नाहीतच. दीड-दोन सेंटीमीटरचे, सुपारीएवढे तुकडे लागतील. हीच या छंदाची खरी मेख आहे : इंजिन जितके लहान, तितके लाकूड बारीक करण्याचे कष्ट जास्त.

डिझेल इंजिन एका बाबतीत पेट्रोलपेक्षा सोशिक आहे. त्यात ठिणगी नसल्यामुळे निव्वळ वायूवर ते पेटत नाही. थोडे डिझेल आत जावेच लागते आणि त्याच्या पेटण्याने वायू पेटतो. इंजिनात काहीही बदल न करता हवेच्या तोंडाशी वायू जोडायचा आणि कॉक हळूहळू उघडत जायचा. फेऱ्या वाढू लागताच गव्हर्नर, म्हणजे फेऱ्या एकसारख्या राखणारा भाग, स्वतःच डिझेल कमी करतो. चांगल्या वायूवर डिझेलची ६० ते ८० टक्के बचत होते, आणि वायू कमी पडला तर गव्हर्नर डिझेल वाढवून घेतो, पंप बंद पडत नाही. वायू प्रमाणाबाहेर दिला तर ठोका ऐकू येतो. ऐकू आला की कॉक थोडा आवळा. मात्र पाच हॉर्सपॉवरच्या, १५०० फेऱ्यांच्या इंजिनाला तासाला साधारण १० घनमीटर वायू लागेल, म्हणजे गळा सहा सेंटीमीटरचा आणि लाकूड तासाला चार-साडेचार किलो. पेट्रोल इंजिनावर हात बसल्यावरच तिकडे वळा. पेट्रोल इंजिन वायूवर निम्म्याच्या आसपास ताकद गमावते, कारण वायूचा निम्मा भाग हवेतला नायट्रोजनच असतो, आणि वायू सावकाश जळतो म्हणून ठिणगीही आधी पडावी लागते. फ्लायव्हीलची चावी पाहून टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, थोडे पुढे घेता आले तर फरक जाणवेल.

शिरपूरची ताई

मी कृषी अभियांत्रिकी शिकवते. भट्टीच्या मापांविषयी फिटरबापूंनी लिहिले त्यात मला काही वाढवायचे नाही, परंतु एवढी चर्चा झाली तरी धोक्याविषयी एक शब्दही कोणी उच्चारला नाही म्हणून लिहिणे भाग पडले. भाऊ, तुम्ही हे सगळे चालविता कोठे? अंगणात, की पत्र्याच्या शेडमध्ये? “गल्लीतील सगळे गोळा झाले” हे वाचून माझ्या पोटात गोळा आला.

या वायूत कार्बन मोनॉक्साइड सुमारे २० टक्के असतो. त्याला रंग नाही आणि वास नाही. तुम्हाला जो धुरकट वास येतो तो डांबराचा असतो, आणि भट्टी जसजशी सुधारेल तसतसा तो वासही नाहीसा होईल, म्हणजे वायू चांगला झाला की तो अधिक फसवा होतो. श्वासाच्या हवेत कार्बन मोनॉक्साइड ०.१६ टक्के असला तरी वीस मिनिटांत डोके दुखू लागते, चक्कर येते आणि दोन तासांत माणूस मरू शकतो, १.२८ टक्क्यांना माणूस दोन-तीन श्वासांत बेशुद्ध पडतो आणि पुढील काही मिनिटांत मृत्यू ओढवतो. रक्तातील हिमोग्लोबिन या वायूला प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट धरून ठेवते, त्यामुळे बाहेर आल्यावरही तो लगेच उतरत नाही. म्हणून भट्टी मोकळ्या रानातच, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहून चालवावी. विहिरीच्या खड्ड्यात, मोटारीच्या खोलीत किंवा गुरांच्या गोठ्याशेजारी ती कधीही ठेवू नये. विहिरीत उतरवून बसविलेल्या डिझेल इंजिनावर हा प्रयोग कोणी करीत असेल, तर त्याने तो आजच थांबवावा. एकट्याने चालवू नये. कोणाला चक्कर आली तर त्याला आधी मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ ला फोन करून काय हुंगले गेले हे स्पष्ट सांगावे, कारण उपचारासाठी प्राणवायू लागतो. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो, तो घ्याच.

दुसरा धोका स्फोटाचा. भट्टी चालू असताना तिच्यात ओढ असते, वायू बाहेर येत नाही. पण इंजिन बंद केल्यावर आतला वायू थंड होऊन आक्रसतो आणि भेगांतून हवा आत शिरते. अर्ध्या तासाने कोणी झाकण उघडले किंवा पुन्हा पेटविले, की भडका. त्यासाठी वरचे झाकण नटबोल्टने आवळू नका. स्प्रिंगने दाबलेले ठेवा, म्हणजे दाब आला तर ते उचलले जाऊन पुन्हा बसेल. इंजिन आणि भट्टी यांच्यामध्ये पाण्याची सील किंवा ज्योत अडविणारी जाळीची पेटी असावी. ज्योत पेटवून पाहायची असेल तर आधी आतली हवा पंख्याने पुरती निघू द्या.

वायू पाण्यातून धुण्याविषयी तुम्ही विचारले आहे. धुता येतो, पण ते पाणी डांबरातील फिनॉल या रसायनामुळे विषारी होते. ते नाल्यात वा विहिरीकडे सोडणे म्हणजे पाणी उपसण्यासाठी पाणीच नासविणे होय. लहान भट्टीला कोरडा मार्ग बरा : आधी भोवऱ्याच्या डब्यात, म्हणजे सायक्लोनमध्ये, धूळ खाली पाडावी, मग लांब पाइपात वायू थंड करावा आणि शेवटी काथ्या-भुशाचा फिल्टर. इंजिनाच्या तोंडाशी पाइपाला हात लावता आला पाहिजे; वायू गरम असला तर डांबरही पुढे जाते आणि सिलिंडरमध्ये वायू मावतोही कमी.

लाकडाच्या ओलाव्याविषयी बापूंनी फारसे लिहिले नाही, म्हणून सांगते. नुकत्याच तोडलेल्या लाकडात निम्म्यापर्यंत पाणी असू शकते आणि ते वाफ होताना तुमच्या आगीची उष्णता खाते. २० टक्क्यांच्या वर नको, १०-१५ असेल तर उत्तम. तुकडे करून आमच्याकडचे एप्रिल-मेचे ऊन दाखविले तर दुसरे काही करावे लागत नाही. खानदेशच्या उन्हाचा उपयोग पापड-कुरडयांच्या पलीकडे होणारच नसेल, तर मग आपण ते सोसतो तरी कशासाठी?

धुळे एमआयडीसी

ताईंना अनुमोदन. एक भर घालतो : वायूवर जनरेटर चालविणाऱ्यांनी तो घरच्या वायरिंगला जोडताना चेंजओव्हर स्विच, म्हणजे बाहेरची लाइन तोडून जनरेटर जोडणारे बटण, लावल्याशिवाय जोडू नये, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल.

तळोद्याचा

मी याच वाटेने गेलो आणि शेवटी लाकूड सोडून लोणारी कोळशावर आलो. २०० घनसेंटीमीटरचे इंजिन असेल तर मी निःसंकोच सांगेन की पहिली भट्टी कोळशाचीच करावी. कारण सरळ आहे : कोळसा पाडतानाच लाकडातले डांबर निघून गेलेले असते, त्यामुळे गळा, पाच झोत, वीस सेंटीमीटरचा थर ही सगळी कसरत वाचते. एका पिंपात खालच्या बाजूने एकच झोत, समोरच्या बाजूने वायूचा पाइप आणि पुढे धूळ धरणारा फिल्टर एवढ्यावर इंजिन चालते. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग झाले तेव्हा आपल्याकडील मोटारींच्या मागे ज्या टाक्या बसविल्या होत्या त्या कोळशाच्याच होत्या. जर्मनीत मात्र जॉर्ज इम्बर्ट यांच्या पद्धतीच्या लाकडावरच्या भट्ट्या लोकप्रिय होत्या, आणि युद्धाच्या अखेरीस तेथे वायूवरची सुमारे पाच लाख वाहने होती. पण तेथे ठरावीक आकाराचे वाळवलेले लाकूड विकत मिळण्याची सोय होती, ती आपल्याकडे नाही.

आता त्याची दुसरी बाजूही सांगतो. पिंपात कोळसा पाडताना चार-पाच किलो लाकडाचा एक किलो कोळसा होतो, म्हणजे लाकडातील निम्म्याहून अधिक शक्ती धुरावाटे जाते. बांधावरची वेडी बाभूळ नाहीतरी पेटवूनच देता, म्हणून ते सोसते. विकतच्या लाकडावर हा धंदा आतबट्ट्याचा आहे. एक किलो कोळशावर साधारण एक युनिट वीज निघते. कोळसा १०-२० मिलिमीटरचा चाळून घ्यावा. भुकटी राहिली तर ओढ बसते. झोताच्या तोंडाशी आग इतकी तापते की साध्या लोखंडाच्या पाइपाचे टोक मेणासारखे गळते. माझे दोन गळाले. त्यावर उपाय म्हणून आत जाणाऱ्या हवेत इंजिनाचा थोडा धूर परत सोडतो, आग आवरती राहते आणि धुरातल्या कार्बन डायऑक्साइडचाही पुन्हा वायू होतो. कोळसा गावाबाहेर न्यायचा असेल तर आधी वनखात्याकडे चौकशी करा, कारण १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात कोळसा वनोपज धरला आहे, मग तो स्वतःच्या बांधावरचा का असेना.

पऱ्हाट्यांविषयी : आख्ख्या पऱ्हाट्या कोणत्याही भट्टीत घालू नका. कडबा कुट्टीतून काढल्या तरी त्या हलक्या असतात, कमान धरतात, आणि मुळांबरोबर आलेल्या मातीमुळे राखेचे वीटभट्टीतल्यासारखे खंगर होऊन जाळीला चिकटतात. त्यांच्या कांडी-विटा करणारे कारखाने आहेत, त्यांना त्या देऊन टाकणे बरे.

अमळनेरकर

सर्वांचा आदर राखून वेगळे मत मांडतो. हिशेब शेवटपर्यंत कोणी नेलेला नाही. पाच हॉर्सपॉवरचे डिझेल इंजिन पूर्ण भारावर तासाला लिटरभर डिझेल पिते. त्यातले ७० टक्के वाचले असे धरले तरी तासाला सत्तर रुपयांच्या आसपासची बचत झाली, आणि त्यासाठी साडेचार किलो बाभूळ तोडायची, सुपारीएवढी करायची, वाळवायची, दर तासाला भट्टी ढवळायची, राख काढायची आणि आठवड्याला फिल्टर बदलायचा. बाभळीचे काटे वेगळेच. १९८० च्या दशकाच्या अखेरीस सरकारने याच कामासाठी पाच आणि दहा हॉर्सपॉवरच्या पंपांना जोडलेल्या भट्ट्या अनुदानावर दिल्या होत्या. पुष्कळ ठिकाणी इंजिन तेवढे कामाला लागले आणि भट्टी गोठ्यात गंजली. शेतकरी आळशी होता म्हणून नव्हे, त्याला गणित येत होते म्हणून. आज ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच टक्के आहे, आणि बोरीकाठच्या भाऊंची मूळ अडचण तर दिवसा पाणी मिळण्याचीच आहे.

शिरपूरची ताई

अमळनेरकरांचा हिशेब एका पंपापुरता बरोबर आहे आणि भाऊंनी सौर पंपासाठी अर्ज अवश्य करावा. पण त्यावरून तंत्रच निकामी ठरत नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने विकसित केलेल्या, वरून उघड्या तोंडाच्या भट्टीवर कर्नाटकातील होसहळ्ळी या लहानशा गावात १९८८ पासून दिवे लागले. आपल्याकडे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तर उसाच्या पाचटासारख्या अवघड मालावर भट्टी चालवून दाखविली. जेथे एक माणूस त्याच कामासाठी नेमलेला आहे आणि भार तासन्‌तास एकसारखा आहे, तेथे ती टिकते. दिवसातून दोन तास चालविण्याच्या पंपाला सर्वांत जास्त त्रास होतो, कारण भट्टीत डांबर सर्वाधिक निघते ते पेटवताना आणि विझवताना. म्हणून निदान एवढे करा : सुरुवात पेट्रोलवर करा, ज्योत स्वच्छ झाल्यावर वायू द्या आणि बंद करण्यापूर्वी दहा मिनिटे पुन्हा पेट्रोलवर चालवा, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी धुतली जाईल.

बोरीकाठचा (ता. पारोळा)

पाच आठवड्यांनी लिहीत आहे. दरम्यान सौर पंपाचा अर्ज भरला; भट्टी मात्र सोडवली नाही.

गळ्यासाठी मोडक्या बैलगाडीच्या चाकातली बिडाची बुशी सापडली, तिचे आतले माप पाच सेंटीमीटरला दोन-तीन मिलिमीटर जास्त भरले. झोतांसाठी अर्ध्या इंची बोल्ट घेऊन त्यांना लेथवर आरपार ४ मिलिमीटरची भोके पाडून घेतली आणि जुन्या पाइपांच्या जागी बसविली. पिंप घरापासून उचलून विहिरीजवळच्या मोकळ्या बांधावर नेले, झाकणाला स्कूटरची जुनी स्प्रिंग लावली आणि ताईंनी सांगितलेला अलार्म मागविला. गेल्या उन्हाळ्यात तोडून पत्र्यावर राहिलेली सुकी बाभूळ होती, तिचे तुकडे करायला मला आणि पुतण्याला दीड दिवस लागला. अमळनेरकरांचे म्हणणे त्या दीड दिवसात पुरते पटले, हे कबूल करतो.

पहिल्या दिवशी ज्योत दिसेचना. वायू आलाच नाही असे समजून मी पंखा बंद करणार होतो. पुतण्याने कागदाची सुरळी पुढे धरली तेव्हा ती भुर्रकन पेटली आणि कळले की ज्योत होतीच. इंजिन एक तास चाळीस मिनिटे चालले, लाकूड साडेचार किलो लागले. इंजिनाच्या तोंडाआधी पांढरे कापड ताणून पाच मिनिटे वायू जाऊ दिला, त्यावर राखाडी धुळीचा डाग आला. आधीच्या भट्टीवर हाच प्रयोग केला असता तर कापड तपकिरी होऊन बोटांना चिकटले असते. शेवटची दहा मिनिटे पेट्रोलवर चालविले. सकाळी व्हॉल्व्हचे झाकण काढून दांडी बोटाने दाबून पाहिली, ती स्प्रिंगसह सहज खाली गेली आणि वर आली.

एक अडचण राहिली आहे. तासाभरात दोनदा लाकडाने कमान धरली आणि इंजिन अडखळले. दुसऱ्या वेळी मी चालू भट्टीचे झाकण उचलून सळईने ढोसले, आणि आतून आलेल्या भपक्याने उजव्या हातावरचे केस जळाले. ताई, रागावू नका, झाकण आता चालू भट्टीवर उघडणार नाही. नळीतले लाकूड बाहेरून हलविण्यासाठी मोटारसायकलच्या किकसारखा दांडा जाळीला जोडावा, की नळीच्या अंगावर हातोडीने ठोकले तरी पुरेल? बापू, तुम्ही कसे कराल ते सांगा.

जुना फिटर (भुसावळ)

ठोकू नका, वेल्डिंगला तडा जाऊन हवा आत शिरेल. जाळीला दांडा लावा आणि तो पिंपातून बाहेर काढताना ग्रॅफाइटच्या दोरीची पॅकिंग द्या. वीस मिनिटांनी एकदा, दोन बोटे इकडे आणि दोन बोटे तिकडे, एवढेच हलवा. जास्त हलविलेत तर कोळशाचा थर खाली गळून जाईल आणि पिवळी ज्योत परत येईल.